घरचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय, फॉर्मॅट मारूनही तेच. आता काय?

मेघना_इंदिरानगर (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

घरी २०१९ चा असेंबल्ड डेस्कटॉप आहे. आय५ ९४००एफ प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, २४० जीबी एसएसडी, एक टीबीची जुनी हार्ड डिस्क, ४५० वॉटचा एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस. विंडोज ११.

दिवाळीनंतर कधीतरी सुरू झालं. मध्येच निळा पडदा येतो आणि रीस्टार्ट होतो. कधी तेवढंही नाही, फटकन बंद. चिरंजीव गेम खेळत असताना होतं, मी टॅलीवर असताना होतं, नुसता चालू ठेवून चहा टाकायला गेले तरी होतं. आणि मग दोन-दोन दिवस काहीच होत नाही, की वाटावं झाला बरा.

एम.जी. रोडवरच्या एकाने फॉर्मॅट मारून दिला, पैसे घेतले, घरी आणला तर पुन्हा तेच. दुसऱ्याने कॅबिनेट न उघडताच 'मदरबोर्ड गेलाय मॅडम' सांगितलं. मी घरून छोट्या व्यावसायिकांची अकाउंट्स बघते, २० तारखेला सगळ्यांचे जीएसटीचे ३बी रिटर्न भरायचे आहेत. नवीनच घ्यावा का? की नीट शोधलं तर दोष सापडतो? मला स्क्रू काढता येतात, भीती वाटत नाही, पण कुठे बघायचं ते कळत नाही.

पेठरोडकर (९.५२)

सीपीयूला लिंबू-मिरची बांधली का? (दिवा घ्या, गंमत आहे.)

भाग्यश्री_प (१०.०५)

आधी बॅकअप! टॅलीचा डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, आत्ता, हा धागा वाचत बसण्याआधी.

उगाच_उवाच (१०.११)

सहा-सात वर्षांची मशीन. नवीन घ्या, विषय संपवा. दुरुस्तीवाल्यांच्या दारात घिरट्या घालण्यापेक्षा परवडतं.

सोल्डरगन (१०.४८)

उवाच, नवीन घ्या म्हणणं सोपं आहे हो, पैसे त्यांचे जाणार आहेत. आणि कारण न शोधता नवीन घेतला आणि दोष मशीनबाहेर असला तर नवाही बंद पडेल.

मेघनाताई, सातपूरला आमची सीएनसी मशिन्सची कंट्रोल पॅनेल्स दुरुस्त करण्यात माझी वीस-एक वर्षं गेली आहेत. तिथे पहिला नियम असा की लक्षणं एका पोत्यात भरायची नाहीत. तुमच्याच पोस्टमध्ये दोन वेगळी लक्षणं आहेत. निळा पडदा येतो तेव्हा विंडोजला काहीतरी कळलेलं असतं आणि ती स्वतःहून थांबते. फटकन बंद होतं तेव्हा विंडोजला बिचारीला काहीच कळलेलं नसतं, पायाखालची वीजच गेलेली असते. पहिल्यात रॅम, ड्रायव्हर, डिस्क. दुसऱ्यात एसएमपीएस, वीजपुरवठा, तापमान, क्वचित बोर्ड.

आता पुरावा बघा. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम. उजवीकडे फिल्टर आहे, त्यात ४१ टाका. कर्नल-पॉवर नावाच्या नोंदी येतील. बरेच लोक ते नाव वाचूनच 'पॉवरचा प्रॉब्लेम' म्हणतात आणि एसएमपीएस बदलून मोकळे होतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाली नव्हती. का, ते त्यात लिहिलेलं नसतं.

मात्र प्रत्येक नोंदीच्या डिटेल्स टॅबमध्ये बगचेककोड म्हणून एक आकडा असतो. तो शून्य असेल तर निळा पडदा आलाच नव्हता, थेट वीज गेली किंवा मशीन गोठली. शून्य नसेल तर त्या पडद्याचा कोड आहे. एका वहीत दोन रकाने करा, शून्यवाले आणि बिगरशून्यवाले. वेळही लिहा. मग बोलू.

पंचवटीकर (१०.५५)

सोल्डरगनदादांना +१. फॉर्मॅट म्हणजे आपल्याकडचं रामबाण औषध. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मुक्तस्रोत (११.१०)

विंडोज काढून लिनक्स टाका. निळा पडदा जन्मात दिसणार नाही.

भाग्यश्री_प (११.१४)

आला! कुठल्याही धाग्यावर हा आयडी येतो आणि लिनक्स टाकून जातो. टॅली कुठे चालवायची त्यांनी?

मुक्तस्रोत (११.३१)

ताई, चेष्टा राहू द्या, एक खरा उपयोग सांगतो. कायमचं टाकू नका. पेन ड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स घेऊन त्यावरून मशीन सुरू करा आणि तीन-चार तास व्हिडिओ वगैरे चालू ठेवा. एसएसडीला हात लागत नाही. तिथेही बंद पडली तर विंडोज निर्दोष, दोष हार्डवेअरचा. फुकटात अर्धा निकाल.

उगाच_उवाच (११.४०)

मान्य, हे चांगलं सांगितलंत.

दत्तूकाका_देवळाली (रविवार, सकाळी ७.०२)

४५० वॉटचा एसएमपीएस कसा पुरेल? ग्राफिक कार्ड आहे. ७५० चा टाका, माझ्या पुतण्याने टाकला, त्यानंतर एकदाही बंद पडला नाही.

सोल्डरगन (सकाळी ८.१५)

काका, बेरीज करून बघा. ९४००एफ ६५ वॉटचा, १६५० कार्ड ७५ वॉटचं, त्याला वेगळी पॉवर केबलही बहुधा लागत नाही. डिस्क, पंखे, बोर्ड धरून सगळं दोनशेच्या आतबाहेर. ४५० भरपूर झाले. प्रश्न असलाच तर तो वॉटचा नाही, वयाचा आणि दर्जाचा. आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, ते वर्षानुवर्षं गरम होऊन सुकतात, डोकी फुगतात. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी, लोडवर त्याखाली घसरत असेल तर बदला. पुतण्याचा जुना असाच दमलेला असेल.

आणि कुणीही एसएमपीएस उघडून आत बोट घालू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

निफाडची_थंडी (८.४०)

कपॅसिटरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्याकडे जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. बागायतदारांच्या सोसायटीच्या ऑफिसात एक जुना पीसी आहे, तो कडाक्याच्या सकाळी पहिल्या दमात सुरूच व्हायचा नाही. पंखा गर्रकन फिरून थांबायचा. दहाच्या सुमारास ऊन आलं की गुपचूप सुरू. क्लार्क म्हणायचे त्यालाही शेकोटी लागते.

सोल्डरगन (९.०५)

क्लार्कचं निदान अगदी बरोबर आहे! थंडीत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. नवा असेल तर पचवतो, सुकत आलेला असेल तर सुरू होतानाचा झटका त्याला झेपत नाही. तुमच्या ऑफिसचा एसएमपीएस बदला, पुढच्या थंडीत पूर्णच बसेल.

गरमागरम (११.२०)

थंडीचं कौतुक पुरे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा कारण उष्णता असतं. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट सहा वर्षांत वाळून खडू होते. त्या वेळच्या कूलरला चार पुश पिना असतात, त्यातली एक जरी निसटली तरी कूलर तिरका बसतो. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाका आणि आकडे सांगा. मदरबोर्ड, रॅम वगैरे नंतर.

चूकभूल (११.३३)

अंबडला आमच्या शेडमधल्या पीसीत तर लोखंडाचा कीस निघाला होता. ग्राइंडरच्या शेजारी टेबल! तो ब्लोअर मारून साफ केला, तरी बोर्ड गेला तो गेलाच.

मेघना_इंदिरानगर (रविवार, दुपारी ३.१०)

सगळ्यांचे आभार. बॅकअप काल रात्रीच घेतला.

तापमान: नुसता चालू असताना ४५, मुलाने गेम लावल्यावर ७२. हे जास्त आहे का?

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ च्या नोंदींची रांगच लागली आहे. दोन रकाने केले. शून्यवाल्या जास्त आहेत. बिगरशून्यमध्ये २६, ८०, १०, परत २६, एकदा ५९. वेळांमध्ये मात्र मला काही संगती दिसत नाही. सकाळी नऊ, दुपारी, रात्री, कधीही.

पंचवटीकर (३.२५)

नुसता आकडा ऐकून घाबरू नका. गोदेचा पूर मोजायचा तो दुतोंड्या मारुती, त्याच्या गुडघ्याला पाणी लागलं म्हणून सराफ बाजारात कुणी दुकान रिकामं करत नाही, छातीकडे सरकायला लागलं की माल वर चढतो. या प्रोसेसरची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते. ७२ वर स्थिर असेल तर निवांत. पाच मिनिटांत ८५, ९०, ९५ असं चढत गेलं असतं तर मीच म्हटलं असतं, कूलर काढा.

गरमागरम (३.४१)

७२ म्हणजे ठीक आहे, माझा मुद्दा मागे. पण पेस्ट बदला तरीही. सहा वर्षं म्हणजे सहा वर्षं.

सोल्डरगन (४.३०)

वही छान झाली. आधी बिगरशून्य. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, ८० म्हणजे पेज फॉल्ट, १० म्हणजे ते प्रसिद्ध आयआरक्यूएल, ५९ म्हणजे सिस्टम सर्व्हिस एक्सेप्शन. दरवेळी एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचं नाव येत असतं तर मी ड्रायव्हर धरला असता. कोड बदलत राहतात आणि त्यात २६ वारंवार येतो, तेव्हा पहिला संशय रॅमवर. ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ.

आता शून्यवाले. इथे एक गोम आहे. ४१ ची वेळ ही मशीन परत *सुरू झाल्याची* असते. तुम्ही कंटाळून दोन तासांनी सुरू केली तर नोंद दोन तासांनंतरची. बंद पडल्याची वेळ हवी असेल तर फिल्टरमध्ये ६००८ टाका. त्याच्या वाक्यातच लिहिलेलं असतं की आधीचं शटडाऊन अमुक वाजता अनपेक्षित झालं. शून्यवाल्या प्रत्येक नोंदीसाठी ती वेळ उतरवा.

उगाच_उवाच (४.३८)

हे माहीत नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर आत्ताच ६००८ टाकून बघितलं. निम्म्या नोंदी बायकोने पॉवर बटण दाबून धरल्याच्या निघतील.

नुसताच_वाचक (५.१५)

अवांतर: निळा पडदा आता निळा राहिलेला नाही म्हणे?

मुक्तस्रोत (५.२२)

हो, २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीवर तो काळा करून टाकला. रडका चेहराही काढला. ताईंकडे निळा येतोय म्हणजे बरेच अपडेट राहिलेत.

दत्तूकाका_देवळाली (५.४०)

विंडोज १० चा सपोर्ट बंद केला तेव्हापासून हे प्रकार वाढलेत. मुद्दाम करतात, नवीन मशीन खपाव्यात म्हणून.

भाग्यश्री_प (५.४८)

काका, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट थांबले. मशीन बंद पाडायला कुणी येत नाही. आणि मेघनाताईंकडे ११ आहे.

चूकभूल (६.०१)

अपडेटने मशीन बंद पडतच नाहीत असं नाही हां. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीची एक सदोष फाइल गेली आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळ्या पडल्या. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. मी त्या दिवशी मुंबई विमानतळावर होतो. माझ्या पासवरचं अक्षर आमच्या तलाठ्यापेक्षा बरं होतं.

पेठरोडकर (६.०६)

त्या दिवशी आमचं ऑफिस चालू राहिलं, कारण आमच्याकडे विंडोज ७ आहे आणि अँटिव्हायरस नाही. सुरक्षितता म्हणतात ती हीच.

मेघना_इंदिरानगर (रविवार, रात्री ८.५०)

सोल्डरगनदादा, ६००८ च्या वेळा काढल्या. अंगावर काटा आला.

शून्यवाल्या जवळजवळ सगळ्या सकाळी सव्वासहा ते पावणेसातमध्ये, नाहीतर संध्याकाळी सहा-साडेसहाला. मी सकाळी लवकर उठून कामाला बसते म्हणून सकाळच्या जास्त. दुपारी एकही नाही. रात्री एकही नाही. मला दिवसभर विखुरलेल्या वाटत होत्या, त्या अशा दोन ढिगाऱ्यांत निघाल्या. हे काय आहे?

काकू_कॉलेजरोड (८.५८)

मेघना, पाण्याची मोटार गं! आमच्या सोसायटीत वॉचमन सव्वासहाला मोटार लावतो. ट्यूबलाइट डोळा मारते तेव्हा.

उगाच_उवाच (९.०४)

हे असंभव वाटतं. त्यांच्याकडे यूपीएस आहे की. मोटार लागली काय, लाइट गेली काय, यूपीएस कशासाठी असतो?

सोल्डरगन (९.३५)

काकूंना साष्टांग नमस्कार. आमच्या वर्कशॉपमध्ये या!

उवाच, तुमची शंका रास्त आहे, पण उत्तर त्या शंकेतच आहे. मोटार थेट लावली की पहिल्या क्षणाला ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. इमारतीचं व्होल्टेज त्या क्षणी खाली बसतं, वायरिंग कुठे ढिलं असेल तर जास्तच. नुसता एसएमपीएस भिंतीला लावलेला असता तर त्याने बहुतेक वेळा तो झटका आतल्या कपॅसिटरच्या जोरावर पचवला असता. पंधरा-वीस मिलिसेकंद तर तो वीज पूर्ण गेली तरी तग धरतो, आणि इथे वीज जात नाही, फक्त दबते.

पण मध्ये यूपीएस बसलाय. त्याला व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलेलं दिसलं की तो इमानेइतबारे रिले बदलतो आणि कॉम्प्युटर बॅटरीवर टाकतो. बॅटरी मेलेली असेल तर? कॉम्प्युटर खड्ड्यात. क्षणाने मेन्स (भिंतीतली वीज) सुधारतात, यूपीएस परत मेन्सवर येतो, हिरवा दिवा लागतो, आणि तुम्हाला वाटतं यूपीएस ठणठणीत आहे.

या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. आयुष्य दोन-तीन वर्षं, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. ताई, कधी बदलली होती?

पंचवटीकर (९.४१)

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

मेघना_इंदिरानगर (९.५५)

यूपीएसची बॅटरी बदलायची असते?? मशीनबरोबर आला तेव्हापासून टेबलाखाली आहे. दोन्ही दुकानदारांनी फक्त कॅबिनेट आणायला सांगितलं होतं, यूपीएसबद्दल कुणी विचारलंच नाही.

आणि दुकानात त्यांच्याकडे मशीन चांगली चालायची! आता कळलं.

सोल्डरगन (१०.१०)

कॉम्प्युटर लावून यूपीएसची परीक्षा घेऊ नका, डिस्कची वाट लागेल. घरात जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब असेल तर होल्डरला वायर लावून तो यूपीएसमध्ये खोचा. बल्ब पेटला की यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. नीट यूपीएस बल्ब दहा-पंधरा मिनिटं आरामात पेटता ठेवेल. एलईडी बल्ब चालणार नाही, नऊ वॉट म्हणजे लोडच नाही, मेलेली बॅटरीही तेवढं ओढते आणि फसवते.

मेघना_इंदिरानगर (सोमवार, सकाळी ७.२०)

माळ्यावर देवघराच्या जुन्या माळेजवळ पिवळा बल्ब सापडला. प्लग काढला. यूपीएस एकदा टिक् वाजला, बल्बची तार लाल झाली, आणि विझली. एवढंच. ओरडायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

मग वॉचमनकाकांना सांगून मोटार लावताना हॉलमध्ये उभी राहिले. दिवा खरंच मंद होतो. इतकी वर्षं बघतेय आणि लक्ष गेलं नव्हतं.

तूर्तास कॉम्प्युटर थेट भिंतीत लावलाय.

काकू_कॉलेजरोड (७.४५)

शाब्बास! आता यांना सांगते, बारा वर्षं इन्शुरन्समध्ये होते ते मला 'तुला काय कळतं मशीनमधलं' म्हणतात.

चूकभूल (९.३०)

इन्व्हर्टरवर टाका सरळ. घरात असेलच.

सोल्डरगन (१०.०२)

चालेल, पण इन्व्हर्टरच्या मागे एक स्विच असतो, त्यावर यूपीएस मोड आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदलायला तो जास्त वेळ घेतो. पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात मरतो. आणि साइन वेव्ह असेल तर उत्तम.

शिवाय वायरमन बोलावून मीटरच्या खोलीतले आणि तुमच्या डीबीतले (घरातल्या फ्यूज-स्विचच्या पेटीतले) न्यूट्रलचे जोड बघून घ्या. काळे पडलेले असतील तर नुसती बॅटरी बदलून भागणार नाही. अर्थिंगही तपासा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३०च्या आसपास हवेत, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर नको. हे त्याच्याकडूनच करून घ्या.

आता रॅम. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घ्या, रात्री लावून झोपा. एकही लाल ओळ आली तरी रॅम नापास, 'थोड्या चुका चालतात' असं काही नसतं. नापास झाली तर एकेक काडी काढून वेगवेगळी तपासा. त्याआधी सोनेरी पट्टी खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि भुगा झटका.

उगाच_उवाच (१०.२०)

खोडरबरचं हे मी शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबपासून ऐकतोय. खरंच काही होतं की आपलं समाधान?

मुक्तस्रोत (१०.३६)

पट्टीवर ऑक्साइडचा किंवा तेलकट थर बसलेला असेल तर होतं. अर्ध्या वेळा तर काढून परत नीट बसवल्यामुळेच बरं होतं आणि श्रेय खोडरबर घेतं. खरखरीत शाईचा रबर वापरू नका, मुलामाच निघेल.

मेघना_इंदिरानगर (बुधवार, रात्री ९.१५)

ताजी खबर. यूपीएसची बॅटरी काढली, पोट दोन्हीकडून फुगून ती कप्प्यात अडकून बसली होती, उलथन्याने ढकलावी लागली. नवी आणली, हजाराच्या आसपास पडली. जुनी परत दिल्याचे थोडे पैसे वजा झाले. वायरमनला डीबीत एक न्यूट्रलचा जोड करपलेला सापडला, तो कापून नवा केला. सोमवारपासून सकाळ-संध्याकाळ सगळी मोटारीची वेळ पार पडते, एकदाही फटकन बंद नाही.

मेमटेस्टमध्ये लाल ओळींचा सडा. पुसून पुन्हा लावलं तरी तेच. एकेक काडी करून बघितली, एक स्वच्छ, दुसरी नापास, स्लॉट बदलला तरी नापास. आता एका काडीवर चालवतेय. चिरंजीव नाराज, गेम अडखळतो म्हणे. निळा पडदा मात्र नाही.

दत्तूकाका_देवळाली (९.३०)

मी म्हणतच होतो पॉवरचा प्रॉब्लेम आहे म्हणून.

पेठरोडकर (९.३१)

काका _/\_

सोल्डरगन (९.५०)

फार छान, ताई. नापास रॅमचं बिल शोधा, अनेक कंपन्यांची रॅमवर दहा वर्षांची किंवा आयुष्यभराची वॉरंटी असते. काडीवरचा स्टिकर काढू नका, त्यावरच्या सिरियल नंबरवर सगळं चालतं.

दोन्ही दोषांचा एकमेकांशी संबंध आहे का, हे मी ठामपणे सांगणार नाही. एकाच वेळी दोन दुखणी येतात कधीकधी, आणि म्हणूनच दुकानदार चक्रावतात.

भाग्यश्री_प (१०.०५)

महत्त्वाचं राहिलं! रॅम खराब असताना ज्या फायली उघडून सेव्ह झाल्या, त्या गुपचूप बिघडलेल्या असू शकतात. मी पहिल्याच दिवशी बॅकअप घ्या म्हटलं, पण तो बॅकअपही त्याच रॅममधून गेलाय. दिवाळीआधीची प्रत असेल तर ती पुसू नका. टॅलीत प्रत्येक कंपनी उघडून ताळेबंद आणि लेजरच्या बाकी मागच्या रिटर्नशी ताडून बघा. ३बी भरायच्या आधी.

आणि प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएफसी स्कॅननाऊ चालवा, ती विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासते. विंडोज त्याच रॅमवर बसवलेली आहे, तिच्याही फायली संशयित.

मेघना_इंदिरानगर (१०.२२)

बाप रे. हे लक्षातच आलं नसतं. ऑक्टोबरची प्रत एका जुन्या पेन ड्राइव्हवर आहे. उद्यापासून तेच काम.

उगाच_उवाच (१०.३०)

मूळ प्रश्नावर येतो: नवीन घ्यावा का? मी पहिल्या दिवशी हो म्हटलं होतं. आता म्हणतो, नको. ९४००एफ म्हणजे इंटेलची ९वी पिढी, ती विंडोज ११ च्या यादीत बसते, अकाउंट्सच्या कामाला वर्षं दोन वर्षं सहज जाईल. पण ती एक टीबीची जुनी हार्ड डिस्क मला खटकते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत बघितली का?

मेघना_इंदिरानगर (१०.४१)

आत्ता बघितलं. पिवळ्यात 'कॉशन'. करंट पेंडिंग सेक्टरसमोर शून्याऐवजी काहीतरी आकडा आहे.

मुक्तस्रोत (१०.४४)

म्हणजे डिस्कचे काही भाग नीट वाचता येत नाहीयेत. त्यावर काय आहे?

मेघना_इंदिरानगर (१०.४६)

मुलाचे लहानपणापासूनचे फोटो.

भाग्यश्री_प (१०.४७)

आत्ता उतरवा. चेकडिस्क वगैरे दुरुस्तीचं काही चालवू नका, आधी कॉपी. फोटो आधी, गेम शेवटी.

पेठरोडकर (१०.५३)

चिरंजीव पुन्हा नाराज.